१ तास १ मिनिट: विमानांचं अंतर आणि वेळ सांगणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी संकेतस्थळं व अ‍ॅप चालवणारे सर्वजण,
तसेच विमान कंपन्यांमध्ये वेळापत्रकं आखणारे अधिकारी यांस

स. न. वि. वि.

गेल्या वर्षी माझ्या वडिलांचं ऑपरेशन ठरलं. गुरुवारी सकाळी दहा वाजता. ते एका छोट्या विमानतळाच्या गावात राहतात, मी दुसऱ्या. गावांची नावं मुद्दामच लिहीत नाही. तक्रार गावांबद्दल नाही, आणि कुठल्याही दोन लहान विमानतळांची नावं घातली तरी हीच गोष्ट घडू शकते.

रविवारी रात्री तुमच्यापैकी एका संकेतस्थळावर ती दोन नावं टाकली. क्षणात उत्तर आलं: अंतर ४१२ किलोमीटर, उड्डाणाचा वेळ १ तास १ मिनिट. खरं सांगायचं तर त्या शेवटच्या एका मिनिटानेच मला गंडवलं. कुणी 'साधारण तासभर' म्हटलं असतं, तर मी आणखी चार ठिकाणी चौकशी केली असती. 'एक तास एक मिनिट' म्हणणारा मोजूनमापूनच बोलत असणार, असं आपण धरून चालतो. लगेच फोन लावला. "बाबा, तुम्हाला आत न्यायच्या आधी मी तिथे असेन. सकाळच्या विमानाने येतो, तासाभराचा तर प्रवास."

बुधवारी संध्याकाळी तिकीट काढायला बसलो. हो, उशीर केला. तासाभराच्या प्रवासाला माणूस जितकी तयारी करतो तितकीच केली होती. तेव्हा कळलं की या दोन विमानतळांदरम्यान विमान जातच नाही. आधी ५२० किलोमीटरवरच्या मोठ्या विमानतळावर जायचं, तिथे पावणेपाच तास बसायचं, मग ६१० किलोमीटर मागे यायचं. रात्रभर एकट्याने गाडी हाकायची हिंमत नव्हती, म्हणून तेच तिकीट काढलं. पहाटे साडेचारला घर सोडलं आणि दुपारी पावणेचारला दवाखान्यात पोचलो. सव्वाअकरा तास. ऑपरेशन तोवर आटोपलं होतं आणि नीट झालं होतं, त्यामुळे तुमच्यावर कसला मोठा आरोप करावा अशी परिस्थिती नाही. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "तासच लागणार होता ना रे?"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी तुमच्या आकड्यांच्या मागे लागलो. जे सापडलं ते तुमच्यासमोर आणि तुमच्यावर भरवसा ठेवणाऱ्या सगळ्यांसमोर मांडतो.

सर्वांत आधी, जे विमान नाही त्याचा वेळ तुम्ही सांगता. तुमच्या पानांवर पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन विमानतळांची नावं टाकली की आकडा मिळतो. मग त्यांच्यात रोज दहा विमानं असोत की आजवर एकही उडालेलं नसो. तुम्ही म्हणाल, आम्ही फक्त हिशेब करतो, तिकिटं विकत नाही. अंतराच्या बाबतीत हे मला मान्य आहे. दोन ठिकाणांमधलं अंतर विमान असो-नसो, असतंच. पण त्याखाली तुम्ही 'उड्डाणाचा वेळ' असं लिहिता. जे उड्डाणच नाही त्याला वेळ कुठून येणार? मोठ्या शहरांच्या बाबतीत ही चूक झाकली जाते, कारण बहुतेक मोठ्या शहरांमध्ये थेट विमानं असतात. फटका बसतो तो लहान विमानतळांना. तिथून निघालेलं विमान बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या विमानतळाकडेच जातं. शेजारच्या लहान विमानतळावर जायचं तरी वळसा मोठ्यावरूनच. मी ४१२ किलोमीटरसाठी १,१३० किलोमीटर उडालो, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. तुमच्या पानावर याचा एक शब्द नव्हता.

आता तो वेळ तुम्ही काढता कसा, ते पाहू. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं सूत्र अगदी साधं आहे, आणि काहींनी ते पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत प्रामाणिकपणे दिलेलंही असतं: विमानाचा वेग ताशी ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटर धरायचा, आणि उड्डाण-अवतरणासाठी वर अर्धा तास जोडायचा. ४१२ भागिले ८०५ म्हणजे ३१ मिनिटं, अधिक ३०. झाला १ तास १ मिनिट. म्हणजे ज्या एका मिनिटावर मी विसंबलो ते कुणीही मोजलेलं नव्हतं. ते भागाकारातून पडलं होतं.

ताशी ८०५ हा जेट विमानाचा वेग आहे, तोही वर पोचून स्थिरावल्यावरचा. लहान विमानतळांवर ये-जा करणारी कितीतरी विमानं पंख्याची असतात, टर्बोप्रॉप. सत्तरेक माणसं नेणारं एटीआर ७२ ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. त्याहून लहान, एका इंजिनाचं सेस्ना कॅराव्हॅन साडेतीनशेच्याही आतच राहतं. लहान टप्प्यावर तर बराचसा वेळ चढण्यात आणि उतरण्यातच जातो, पूर्ण वेगाने सरळ जाण्याची पाळी थोडाच वेळ येते. बहुतेक देशांत दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, ही वेगमर्यादा असते. त्यामुळे छोट्या टप्प्यावर जेटलाही आपला वेग दाखवायला वाव कमीच.

तुमचं सूत्र लहान अंतरांवर किती फसतं याचा एक नमुना तर मी मित्रांना हसत हसत सांगतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा चालते. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकातला वेळ २ मिनिटं. वारा पाठीशी असताना आठ प्रवाशांचं ते आयलंडर विमान ५३ सेकंदांतही पोचलेलं आहे. तुमच्या सूत्राने हा प्रवास किती वेळाचा? अर्धा तास आणि १२ सेकंद. त्यातले १२ सेकंद उडण्याचे.

अंतराच्या आकड्याबद्दलही बोलायचं आहे, पण तिथे माझा राग कमी आहे. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाशी ६,३५७. तुम्ही सरसकट ६,३७१ धरून बृहद्वृत्तावरचं अंतर काढता, म्हणजे गोलावर दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरल्यावर जेवढा भरेल तेवढं. यात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक होते. चारशे किलोमीटरमागे दोन. माफ. यासाठी मी पत्र लिहिलं नसतं.

माफ होत नाही ते मैलांचं. विमानवाले सागरी मैल वापरतात, १,८५२ मीटरचा. रस्त्यावरचा मैल १,६०९ मीटरचा. तुमच्या काही पानांवर नुसतं 'मैल' असतं. ३०० सागरी मैल म्हणजे ५५६ किलोमीटर आणि ३०० साधे मैल म्हणजे ४८३. एका शब्दापायी ७३ किलोमीटर इकडचे तिकडे. तसंच गावांचं. कुणी अंतर विमानतळापासून मोजतं, कुणी शहराच्या मध्यापासून, आणि हे सांगत कुणीच नाही. विमानतळ शहरापासून ३५ किलोमीटर लांब असेल तर त्या ३५ किलोमीटरना किती वेळ लागतो हे मला विचारा. नामसाधर्म्याचा घोळ तर जुनाच आहे. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तशी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे, आणि ऑस्ट्रेलियाला निघालेले प्रवासी कॅनडातल्या त्या छोट्या विमानतळावर उतरल्याचे प्रकार खरोखर घडले आहेत. तीन अक्षरी विमानतळ-संकेत (कोड) ठळक छापायला कितीशी जागा लागते?

आणि विमान त्या दोऱ्यावरून जात नाही. वारा ज्या दिशेने असेल त्याला सामोरं जाऊन ते उडतं, म्हणजे कधी कधी निघतं तेच उलट्या दिशेने. मग ठरलेल्या हवाई मार्गाला लागायचं, लष्करी क्षेत्र टाळायचं, ढगांना वळसा घालायचा, आणि शेवटी रांगेत आपला नंबर येईपर्यंत घिरट्या. दोऱ्याचं अंतर हे किमान अंतर आहे. तुम्ही ते 'प्रवासाचं अंतर' म्हणून छापता.

वाऱ्याविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण याबाबतीत तुमच्यातले जाणकारही एक चूक करतात. जाताना वारा मदत करतो, येताना अडवतो, म्हणजे शेवटी हिशेब सारखाच, अशी समजूत आहे. ती खोटी आहे. माझंच उदाहरण घ्या. ४१२ किलोमीटर, विमानाचा वेग ५००, वारा ताशी ८०. पाठीशी वारा असेल तर वेग ५८०, वेळ ४३ मिनिटं. समोरून असेल तर वेग ४२०, वेळ ५९ मिनिटं. दोन्ही मिळून १०२. वाराच नसता तर ९९. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून तोटा नफ्याहून मोठा असतो. आणि एकाच जोडीच्या दोन दिशांमध्ये १६ मिनिटांचा फरक पडतो. तुमच्या पानावर जाण्याचा आणि येण्याचा वेळ एकच. नावं उलटी करून पाहिली, उत्तर तेच. अर्थात, तुमच्या सूत्रात वारा वाहतच नाही.

पुढच्या हंगामात आमच्या दोन गावांमध्ये थेट विमान सुरू झालं. आनंद झाला, आणि सवयीने मी वहीत नोंदी ठेवू लागलो. चाकं जमिनीवरून सुटली ती वेळ, टेकली ती वेळ, दार उघडलं ती वेळ. हवेतला सर्वांत कमी वेळ ५२ मिनिटं, सर्वांत जास्त १ तास १४. वेळापत्रकात मात्र दोन्ही दिशांना १ तास २५ मिनिटं.

इथून पुढचं वेळापत्रकवाल्यांसाठी आहे.

तुमच्या भाषेत याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात, हे मला आता कळलं. विमान आपल्या जागेवरून हललं तेव्हापासून दुसऱ्या टोकाला आपल्या जागी थांबेपर्यंतचा वेळ. त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाणं आलं, रांगेत थांबणं आलं. हे माप चुकीचं नाही, उलट प्रवाशाच्या दृष्टीने हवेतल्या वेळेपेक्षा तेच खरं. माझी तक्रार अशी की तुम्ही जाहिरातीत 'फक्त ५० मिनिटांत' म्हणता तेव्हा हवेतला वेळ सांगता, आणि तिकिटावर छापता तेव्हा ब्लॉक टाइम. एकाच प्रवासाचे दोन वेळ, आणि दोन्हींना नाव एकच. वर त्यात उशीर पचवण्यासाठी चार-दहा मिनिटं मुरवलेली असतात ती वेगळीच. मग विमान 'वेळेआधी पोचलं' म्हणून आतमध्ये घोषणा होते. अमेरिकेच्या सरकारी हिशेबात तर ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवरच धरतात. मुरवलेली मिनिटं आणि ही सवलत एकत्र केली की वेळेवर पोचण्याचा टक्का कुणालाही सुधारता येईल.

विमान पोचलं म्हणजे नक्की केव्हा, हा प्रश्न थेट न्यायालयापर्यंत गेला आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गहून जर्मनीतल्या कोलोन-बॉनला निघालेलं एक विमान २०१२ मध्ये उशिरा पोचलं. चाकं टेकली तेव्हा उशीर २ तास ५८ मिनिटं होता. जागेवर येऊन उभं राहिलं तेव्हा ३ तास ३ मिनिटं. युरोपात उशिराची भरपाई ३ तासांपासून लागू. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये निकाल दिला की पोचण्याची वेळ म्हणजे विमानाचं किमान एक दार उघडून प्रवाशांना उतरू देतात ती वेळ. बंद दाराआड बसलेला माणूस पोचलेला नाही. इतकी साधी गोष्ट सांगायला न्यायालय लागलं.

म्हणून, हे आकडे नुसती माहिती आहेत, त्यावर कोण एवढं डोकं लावतो, असं कृपा करून म्हणू नका. युरोपात भरपाई किलोमीटरवर ठरते, १,५०० आणि ३,५०० हे टप्पे आहेत, आणि अंतर मोजायचं ते बृहद्वृत्तावरून. २०१७ च्या एका निकालानुसार मध्ये विमान बदलून घातलेला वळसाही त्यात धरत नाहीत. माझे १,१३० किलोमीटर तिथे ४१२ च ठरले असते. भारतात विमान रद्द झाल्यावरची भरपाई ब्लॉक टाइमच्या टप्प्यांवर ठरते: एक तासापर्यंत, एक ते दोन तास, दोन तासांहून जास्त. लहान विमानतळ जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेत काही जागांच्या तिकिटाची कमाल मर्यादाही टप्प्याच्या लांबीनुसार ठरवलेली आहे. किलोमीटर आणि मिनिटं इथे हक्क ठरवतात.

एक गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली, ती मैत्रीच्या नात्याने सांगतो. जो माणूस ते विमान प्रत्यक्ष उडवतो, त्याला नियम सांगतो की तुझ्या हिशेबावर एवढा विश्वास ठेवू नकोस. मुक्कामी पोचण्यापुरतं इंधन पुरेसं नाही. वाटेतल्या अडचणीसाठी थोडं जादा घे. तिथे उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं घे. आणि जेट किंवा टर्बोप्रॉप असेल तर त्याच्याही वर ३० मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं राखून ठेव. आंतरराष्ट्रीय नियमच आहे तसा. म्हणजे वैमानिक शंका टाकीत भरून निघतो. आणि तुम्ही, ज्यांनी ते विमान पाहिलेलंही नाही, छातीठोकपणे मिनिटापर्यंतचा आकडा देता.

आता मागण्या. त्यांतली एकही अवघड नाही.

संकेतस्थळवाल्यांनो, ज्या दोन विमानतळांमध्ये सध्या थेट विमान नाही तिथे वेळाच्या जागी आकडा देऊ नका. 'थेट विमान नाही' हे तीन शब्द लिहा, आणि जमलं तर विमान बदलून लागणारा सर्वांत कमी वेळ द्या. अंतर खुशाल द्या, पण 'सरळ हवाई अंतर' म्हणून द्या आणि ते विमानतळापासूनचं की शहरापासूनचं ते सांगा. मैल कोणते तेही. वेळ काढताना विमान पंख्याचं की जेट हे धरून काढा. त्या मार्गावर कोणतं विमान उडतं ही माहिती वेळापत्रकात असते. आणि उत्तर मिनिटात न देता पल्ल्यात द्या: '५० ते ७५ मिनिटं' असं. कमी रुबाबदार दिसेल, पण खरं असेल. सूत्र बारीक अक्षरांत तळाशी न ठेवता आकड्याच्या शेजारी ठेवा. दोन देशांच्या घड्याळांत फरक असेल तर तो आधी वजा करा. भारत आणि नेपाळमध्ये तो १५ मिनिटांचा आहे, आणि छोट्या उड्डाणात १५ मिनिटं म्हणजे पाव प्रवास.

कंपन्यांनो, 'हवेतला वेळ' आणि 'जागेपासून जागेपर्यंतचा वेळ' हे दोन्ही छापा आणि जाहिरातीत जो वापराल तोच तिकिटावरही वापरा. जाण्याचे आणि येण्याचे वेळ वेगळे असतील तर वेगळे दाखवा. वारा आम्हालाही समजतो. प्रत्येक मार्गावर मागच्या हंगामात दार उघडेपर्यंत प्रत्यक्ष किती वेळ लागला, ते जाहीर करा. ही नोंद तुमच्याकडे असतेच. आणि ज्या दोन लहान विमानतळांमध्ये लोक मोठ्या विमानतळाचा वळसा घालून सारखे ये-जा करतात, अशा जोड्यांची यादी प्रसिद्ध करा. थेट विमान परवडत नसेल तर तसं सांगा. निदान आमच्या वळशाची दखल तरी कुठे दिसू द्या.

बाबा आता बरे आहेत. मी निघालो की फोनवर 'किती वाजता पोचशील' असं न विचारता 'दार उघडलं की फोन कर' म्हणतात.

माझ्या वहीत आजपर्यंतच्या सगळ्या फेऱ्यांच्या तारखा आणि प्रत्येक फेरीच्या तीन वेळांच्या नोंदी आहेत. तुमच्यापैकी कुणाला आपला आकडा दुरुस्त करण्यासाठी त्या हव्या असतील, तर पानांचे फोटो पाठवतो. आधी त्या पानावरचं 'उड्डाणाचा वेळ: १ तास १ मिनिट' तेवढं काढा.

आपला,
खिडकीजवळ घड्याळ आणि वही घेऊन बसणारा एक प्रवासी